अख्ख्या शब्दांच्या बाई

यमराजानं माझ्या नणंदेला न्यायच्या आधी मोबाइलवर निरोप धाडला आणि त्यात एखादी वेलांटी चुकली, तर त्या निरोप दुरुस्त करून परत पाठवतील आणि कळवतील, "आधी नीट लिही, मग येते." मेहकरात त्यांनी उभी हयात शाळेत मराठी शिकवलं. म्हणून गावाच्या त्या बाई, आणि घरातही कुणाची दुसरं काही म्हणायची हिंमत झाली नाही, म्हणून माझ्याही बाईच.

मी डोणगावची. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा नवऱ्याला पत्र लिहिलं. त्या काळी मी स्वतःला फार मोठी लेखिका समजत होते, आणि 'विरह' हा शब्द एकाच पानावर निरनिराळ्या प्रकारे लिहीत होते. उत्तर आलं ते नणंदेकडून. माझंच पत्र, लाल शाईनं सुधारलेलं, तळाशी शेरा : 'भावना चांगल्या. शुद्धलेखन सुधारावे.' मी वेडी, मैत्रिणींना सांगत सुटले की सासरी माझ्या भावनांचं कौतुक झालं!

मोबाइल आला आणि ती लाल शाई गावभर सांडली. नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणी वाढदिवसाला 'एचबीडी' टाकलं की बाई विचारायच्या, "हे कोणत्या तापाचं नाव?" कुणी वारलं आणि खाली 'आरआयपी'ची रांग लागली, तर त्यांचा निरोप : "माणूस अख्खा गेला आहे. शब्द तरी अख्खे लिहा." एकदा मी टोकलं, "पण बाई, पत्रात तुम्ही सा. न. वि. वि. लिहायच्या, ते काय होतं मग?" म्हणाल्या, "त्याला घराणं आहे."

त्यांची एकुलती मुलगी नोकरीला बंगळुरात. सुरुवातीला ती रोज सकाळी दोन ओळी लिहायची, इंग्रजी अक्षरांत, शब्दांचे शेंडे छाटून. जेवलीस का, गोळी घेतलीस का, काळजी घे. बाई त्या ओळी देवनागरीत, पूर्णविरामासकट, शुद्ध करून परत पाठवायच्या. पोरगी काही दिवस हसली. मग ओळी थांबल्या. रोज सकाळी एक अंगठा, बस. अंगठ्यात चूक कुठून काढणार?

"लिहिता येत नसेल तर लिहू नये," बाई म्हणायच्या. पण त्यांच्या घरात रेंज येते ती फक्त स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर. मी शेजारीच राहते, जाता-येता दिसायचं. भाकरी थापता थापता पिठाच्या बोटानं त्या पडदा वर सरकवायच्या आणि अंगठ्यांच्या मागच्या जुन्या ओळी वाचायच्या. त्याच, छाटलेल्या. ओठ हलायचे.

एकदा त्या अंगणात कुरडया वाळत घालत होत्या. मी डब्यावरचा फोन उचलला आणि भाचीला लिहिलं, माझ्या खास डोणगावी शुद्धलेखनात : 'तुजी आटवन येते बेटा कवा येशीन.'

लगेच फोन वाजला. मी घाबरून भलतंच बटण दाबलं आणि पोरीचा आवाज घरभर झाला, "कोण आहे? माझ्या आईचा फोन कोणी चोरला? ती असं लिहूच शकत नाही! ती बरी आहे ना?"

बाई धावत आल्या. पडद्यावरची ओळ वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेनं वर्गातली पोरं न सांगता बाकावर उभी राहत. नातवंडांची आजी मी, पदर चावत उभी. 'मामीनं लिहिलं' एवढं बाईंनी म्हटलं असतं, तर त्यांची उभ्या जन्माची अब्रू शाबूत राहिली असती.

"हाव," बाई म्हणाल्या, "म्याच लेहलं व माय. लय आठवन येऊन राह्यली तुही."

ही बोली त्यांच्या आईची. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकली. पलीकडून पोरगी म्हणाली, "येते आई."

आता सकाळी ओळी येतात, तशाच शेंडे छाटलेल्या. बाई त्यांना हात लावत नाहीत. माझा निरोपही त्यांनी पुसलेला नाही. पोरगी मात्र अजून आलेली नाही. काल गेले तर बाई डब्यापाशी उभ्या.

"कवा येते म्हणे?" मी विचारलं.

"लवकर. पण तेही अर्धंच लिहिलंय." त्यांनी फोन पदरानं पुसला. "अख्खं लिहिलं असतं, तर जरा अजून लवकर वाटलं असतं. नाही गं, वहिनी?"