दिवेलागणीच्या आत सायकल घरी

सायकलच्या चेनला खोबरेल तेल घालणाऱ्या माणसाशी मी वाद घालत बसत नाही, सरळ त्याच्या हातातली बाटली काढून घेते. परवा शेजारच्या बाईंनी घातलं. वर मला म्हणतात, "कुरकुर करत होती हो, आता बघा कशी गप्प झाली." गप्प होणारच! दोन दिवस गप्प बसेल, मग रस्त्यावरची सगळी धूळ त्या तेलात कालवली जाईल आणि चेनवर काळं पिठलं तयार होईल. चेन आधी रॉकेलनं धुवायची, फडक्यानं पुसायची, उन्हात वाळू द्यायची. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब कडीकडीवर सोडायचा आणि वर आलेलं तेल पुन्हा पुसून काढायचं. तेल आत पाहिजे, बाहेर नको. एवढं सांगितलं की लोक माझ्या साडीकडं आणि पिकल्या केसांकडं बघतात. या बाईला हे कुठून ठाऊक? ठाऊक आहे बाबांनो, कारण एके काळी माझी सगळी शाळा त्या चेनवर आणि दोन टायरांवर चालली होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर तिसगाव. तिसगावची एस.टी. सकाळी जायची आणि शाळा सुटायच्या आधीच परत निघून यायची, म्हणून गावातल्या पोरी सातवीलाच थांबायच्या. मी थांबणार नव्हते. मी घरात तोंड फुगवून बसले, आण्णांसमोर भाकरीला शिवेनाशी झाले. त्यांची पाठ वळली की टोपल्यातली काढून खायचे, ती गोष्ट वेगळी. आण्णा म्हणजे माझे वडील. गवंडीकाम करायचे, शिवाय रस्त्याकडेला आमचं थोडं कोरडवाहू वावर होतं. शेवटी ते पाथर्डीहून एक जुनी, काळी, दांडीवाली सायकल घेऊन आले आणि अंगणात उभी करून सगळ्यांदेखत म्हणाले, "दिवेलागणीच्या आत घरात पायजे. ज्या दिवशी अंधारात आली, त्या दिवशी शाळा संपली. मग सायकल मोडली म्हन न्हाईतर आभाळ पडलं म्हन."

आण्णा काही वाईट नव्हते. त्यांना पारावरच्या तोंडांची धास्ती होती. पण ते शब्दाला पक्के होते आणि तीच पंचाईत होती. आई चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. ती ना हो म्हणाली ना नाही. मला तिचा तेव्हा भयंकर राग आला होता.

शाळा पाचला सुटायची. निम्मी वाट खडीची, निम्मी मातीची. सायकल धड चालली तर मी आरामात पोचायचे, पण वाटेत ती रुसली की संपलंच. आणि आमच्या वाटेला सराटे! ज्यानं सराटा बघितला नाही त्याला काय सांगावं. जमिनीलगत पसरलेली वेल, पिवळी फुलं दिसायला गोजिरी, आणि फळाला सगळीकडून काटे. कसाही पडला तरी एक काटा वर असतोच. पहिल्याच आठवड्यात मागचं चाक बसलं. तिसगावातल्या सायकलवाल्याकडं संध्याकाळी ही गर्दी, माझा नंबर लागेस्तोवर माझा जीव टांगणीला. त्या दिवशी कशीबशी उजेडात पोचले, पण ठरवून टाकलं, हे आपल्याला यायला पाहिजे.

दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत मी त्याच्या दुकानासमोर उभी राहायला लागले. तो म्हणाला, "काय गं पोरी, दुकान टाकायचं हाय काय?" म्हटलं, "टाकीन की, तुमची गिऱ्हाइकं पळवीन." हसला. पण मग मला नीट दिसेल अशा अंगानं बसून काम करायला लागला. मी नुसतं बघून घेतलं. टायर कसं उचकटायचं, ट्यूब कशी ओढायची, परातीतल्या पाण्यात बुडवून बुडबुडे कुठं येतात ते कसं हेरायचं. भोकाची जागा कोरडी करून खरखरीत घासायची, सोल्युशन लावायचं आणि लगेच ठिगळ चिकटवायचं नाही. बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं. इथंच सगळे घाई करतात. ओल्या सोल्युशनवर ठिगळ ठेवतात आणि मग सोल्युशनच्या नावानं बोटं मोडतात.

घरी पहिलं पंक्चर काढलं ते आईच्या उलथन्यानं टायर उचकटून. उलथनं वाकलं. आईनं माझा असा उद्धार केला की शेजारची कोंबडीसुद्धा खुराड्यात शिरली. वर माझे काळे हात बघून म्हणाली, "ह्याच हातानं पीठ मळनार व्हय तू?" पंक्चर निघालं, हवा भरली, आणि सकाळी बघते तर चाक पुन्हा जमिनीला टेकलेलं. पुन्हा काढलं, पुन्हा तेच. घोडं कुठं पेंड खातंय तेच कळेना. मी रडकुंडीला येऊन ट्यूब अंगणात फेकून दिली. आई धान्य पाखडत होती, ती सुपातनं मान वर न काढता म्हणाली, "टायरात आतनं फडकं फिरव. गोधडीत सुई ऱ्हायली की मी तशीच हुडकते." फिरवलं. एका जागी फडकं अडकलं. सराट्याचं मोडकं टोक टायरात रुतून बसलं होतं आणि दर वेळी नव्या जागी ट्यूब टोचत होतं. तेव्हापासून माझा नियम झाला, काटा सापडल्याशिवाय ट्यूब आत घालायची नाही. आणि हुडकायचं ते फडक्यानं, बोटानं नाही. बोट फिरवाल तर आई आठवेल.

मग मी शिकतच गेले. पंक्चर नसताना हवा उतरते, तेव्हा तोंडात शिव्या येण्याआधी व्हॉल्व्हला थुंकी लावून बघायची. बुडबुडा आला तर आतली बारीक रबरी नळी कुजली आहे, ती बदलली की काम झालं. चेन उतरायला लागली तर मागच्या चाकाचे नट सैल करून चाक मागं ओढायचं, दोन्ही बाजूंनी सारखं, नाहीतर चाक एका अंगाला घासतं. ब्रेकचे रबर उतार लागायच्या आधी बघायचे, उतारावर नाही. चाकाच्या तारा आवळायच्या भानगडीत मात्र एकदा मी असं माझं शहाणपण दाखवलं की चाकाचा पापड झाला. त्या सायकलवाल्यानं ते चाक हातात धरून गरगर फिरवून बघितलं. "अति तिथं माती," एवढंच म्हणाला. त्यानंतर मी तारेला पाव फेऱ्याच्या वर कधी पाना लावला नाही.

माझ्या पिशवीत पुस्तकांच्या शेजारी पाना, सोल्युशन, ठिगळं, काचपेपर आणि सुतळी असायची. पंप सायकलच्या दांडीला बांधलेला. आठवी अशी गेली. सात-आठ वेळा तरी वाटेत पंक्चर काढलं असेल, पण उजेडातच घरी पोचले. मला तर वाटायला लागलं होतं, आता काय, आपण जिंकलो.

नववीतली दिवाळी झाली आणि दिवस लहान झाले. एके दिवशी सकाळी निघताना मागच्या चाकात हवा कमी वाटली. उशीर झाला होता. म्हटलं, शाळेत जाऊन भरू. शाळेत गेल्यावर विसरले, आणि सुटल्यावर तशीच निघाले. आता नीट ऐका, कारण हे मी प्रत्येकाला कानीकपाळी ओरडून सांगते. कमी हवेवर सायकल चालवायची नाही. पंक्चर परवडलं. हवा कमी असली की टायर रिंगवर हळूहळू सरकतं, ट्यूबला सोबत ओढतं, आणि व्हॉल्व्ह बिचारा रिंगच्या भोकात अडकलेला. मग ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटते. तिथं ठिगळ बसत नाही. कुणाच्या बापाला बसवता येत नाही.

माझी तिथंच फाटली. निम्मी वाटही झाली नव्हती. सूर्य टेकडीला टेकत आलेला. मी ट्यूब बाहेर काढली आणि ती फाटकी जागा बघितली. उद्यापासून शाळा नाही, हे मला त्या ट्यूबवर लिहिल्यासारखं दिसलं. तेवढ्यात मागून कांद्याचा टेम्पो आला. मी हात केला नाही. अनोळखी टेम्पोतून उतरताना गावानं बघितलं असतं तर अंधारात येण्यापेक्षा ते भारी पडलं असतं.

शेजारच्या वावरात कणसं खुडलेल्या बाजरीच्या ताटांचं वाळलेलं सरमाड उभं रचून ठेवलं होतं. कुणाचं होतं देव जाणे, त्यानं मला माफ करावं. मी कवळाभर ओढलं, दोरखंड वळतात तसा पीळ देत देत टायरात ठासून भरलं आणि टायर रिंगवर चढवलं. शेवटचा वीतभर भाग चढता चढेना. गुडघ्यानं दाबला, दातओठ खाऊन दाबला, एकदा रडून दाबला, तेव्हा चढला. वरून सुतळीनं जागोजागी बांधलं. आणि काय सांगू, चालली की सायकल! खडखड हादरत, उड्या मारत, पण चालली. असं करायची वेळ आलीच तर सरमाड वाटेल त्याहून दुप्पट ठासा. मी कमी ठासलं होतं. थोडं अंतर गेल्यावर आत सरमाडाचा भुसा झाला, टायर लोळायला लागलं आणि मला उतरावं लागलं. सायकल ढकलत मी जवळजवळ पळतच होते. सूर्य गेला. लांबून गावातले दिवे लागलेले दिसले. मी रस्त्यातच मोठ्यानं रडायला लागले.

वळणावर कुणीतरी झपाझप येताना दिसलं. आई होती. हातात विळा. आता हा विळा माझ्यावरच चालणार असं वाटून मी जागच्या जागी उभी राहिले. तिनं चाकाकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं.

"लागलं का कुटं?"

"न्हाई."

"मग रडती कशाला? चल. मी मागनं उचलून धरते."

ती कॅरिअर धरून सायकलचं मागचं चाक अधांतरी उचलून चालायला लागली आणि मी हँडल धरून पुढं. आमच्या वावरापाशी आलो तशी म्हणाली, "थांब." बांधावरचं सरमाड तिनं भराभर ओढलं, दोन भारे बांधले, एक माझ्या डोक्यावर दिला, एक स्वतःच्या डोक्यावर घेतला. मला काहीच उमगेना. म्हटलं, "आई, अगं आधीच अंधार पडलाय." ती म्हणाली, "म्हनूनच घे."

एका हातानं भारा आणि एका हातानं सायकल सावरत आम्ही अंगणात आलो, तेव्हा आण्णा ओट्यावर बसले होते. कंदील लावलेला होता. मला बघून उठून उभे राहिले.

"कवा आली ही?"

"कवाची आली," आई म्हणाली. डोक्यावरचा भारा तिनं गोठ्यापाशी टाकला. "वावरापासनं मीच वळवली तिला. सरमाड ऱ्हायलं हुतं, एकटीला उरकंना."

खोटं बोललं की जीभ झडते, असं मला लहानपणापासून बजावणारी माझी आई. तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. आण्णांची नजर सायकलकडं गेली. मागच्या चाकातून सरमाडाच्या काड्या बाहेर लोंबत होत्या, सुतळी बांधलेली होती, आंधळ्याला कळलं असतं. त्यांनी वाकून चाकातली एक काडी उपटली.

"हात-पाय धू," ते मला म्हणाले. "सकाळी लवकर उठावं लागंल. मोडकी सायकल घेऊन तिसगावला चालत जायचं म्हंजे काय जवळ हाय व्हय?"

माझा जीव भांड्यात पडला. त्या रात्री मी किती भाकरी खाल्ल्या ते मलाच ठाऊक. जेवणं झाल्यावर आई आणि मी मागच्या दारी भांडी घासायला बसलो. मला राहवेना. हळूच म्हटलं, "आई, तू खोटं बोललीस."

"बोलले."

"माझ्यासाठी?"

ती राखेनं तवा घासत होती. हात थांबले नाहीत.

"शाळा सोडवली तवा चवथीत हुते मी. पयला नंबर हुता माजा," ती म्हणाली. "माज्यासाठी खोटं बोलनारं घरात कुनी न्हवतं."