कूकाचा हात

पाराचो गावात मूल जन्मलं की ते कोणाच्या वळणावर गेलंय हे पाहतात. एवारिस्तोच्या गिटार कारखान्यात मात्र आधी हात पाहतात. मी तिथे लग्न झाल्यापासून पॉलिशला आहे, तेव्हा ऐकीव सांगत नाही.

एवारिस्तोची धाकटी बहीण रेफुहिओ, म्हणजे आमची कूका. लहानपणी बापाने तिचा हात गिटारीच्या भोकातून आत घालून बघितला. तो सरकन गेला आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. गिटारीच्या पोटातली पट्टी सुटली की सरस लावून ती आतूनच दाबून धरावी लागते, सरस धरेपर्यंत. ते काम त्या दिवशी कूकाच्या गळ्यात पडलं ते कायमचं. लग्न झालं, नवरा वारला, मुलगी कामासाठी सीमेपलीकडे गेली, तरी कूका त्याच स्टुलावर, गिटारीत हात घालून. वाजवायला नखं राखावी लागतात, ती हिने कधी वाढू दिली नाहीत. सरसाने बोटं फुटली आणि आता तर ती वाकतही नाहीत.

एवारिस्तो तिला 'मानिता' म्हणतो. आमच्याकडे मानिता म्हणजे धाकटी बहीण, आणि चिमुकला हातही.

"तो यातल्या कोणाला हाक मारतो गं?" मी एकदा विचारलं.

"जेवायला बहिणीला," कूका म्हणाली. "बाकी दिवसभर हाताला."

कूकाची नात युनुएन तिच्याचकडे वाढते. पोरगी सहा वर्षांची झाली तशी तिच्या आईने फोनवर सांगितलं, तिला गिटार दे, शिकू दे. एवारिस्तो लगेच उदार झाला. "घरची पोर ती. हवी ती उचल म्हणावं." मला त्याच्या उदारपणाचा पहिल्यापासून राग येतो.

येताना वाटेतच कूकाने पोरीला पढवलं होतं. "आजोबा हात घालायला सांगतील. मूठ सोडायची नाही, काय वाट्टेल ते झालं तरी."

एवारिस्तोने खरंच मोठी गिटार पुढे केली. युनुएनने मूठ घातली, ती काठालाच अडली.

"हात आहे की वरवंटा?" तो हसला. "जा, तुझी निवड जा."

कूकाने सुटकेचा श्वास टाकला. इतकी मोकळी मी तिला कधी पाहिली नव्हती. तिने नातीला एकेक गिटार मांडीवर देऊन बघितली. एकीवर हात पोचेना, दुसरीच्या तारा बोटांना रुतल्या. मग खुंटीवरची सगळ्यात छोटी खाली आली. पोरीने तिला पोटाशी धरलं आणि दोन्ही हातांनी आवळूनच टाकलं. तार छेडली तर आतून काहीतरी खरखरलं.

"पट्टी सुटलीय," कूका म्हणाली. तिने हात घालून पाहिला, पण त्या चिमुकल्या भोकात तिचाही हात जाईना.

"ती जळणात टाक," एवारिस्तो म्हणाला. "छोट्या गिटारीत कोणाचा हात जातो? दुसरी घे, बाळा."

"हीच पाहिजे."

"मोडकी आहे ती."

पोरीने आजीकडे पाहिलं. कूकाने मान हलवली, नाही म्हणून. ती मान मी पाहिली, पोरीनेही पाहिली. पण तिची गिटार जळणात चालली होती. तिने बोटं जुळवली आणि हात आत घातला.

"आजी, इथे हलतंय," ती म्हणाली.

कारखान्यात टाळ्या पडल्या. मी नाही वाजवल्या. एवारिस्तोने स्वतः सरस गरम करून आणला, पट्टी कशी दाबायची ते सांगितलं. पोरीने जीभ बाहेर काढून ती दाबून धरली. सरस धरल्यावर गिटार वाजवून पाहिली, खरखर गेली होती. ती आनंदाने नाचली.

"छोट्या गिटारींचा ढीग पडलाय मागे," एवारिस्तो म्हणाला. "रोज शाळा सुटली की येत जा."

"ती शिकायला जाणार आहे," कूका म्हणाली. आवाज असा, जणू दुसऱ्याच कोणाचं सांगतेय.

"शिकू दे की. इथलं काम झालं की मग जाऊ दे."

कूका उठली आणि मोठ्या गिटारीकडे, आपल्या कामाला निघाली. युनुएनने तिला वाटेतच गाठलं, तिची फुटकी बोटं हातात घेतली.

"तुला दुखतं ना, आजी? तू बस. आता मी करते."