आतारेताच्या दोन आया

आमच्या किनाऱ्यावर पोर दुसऱ्याला द्यायचं म्हणजे लपूनछपून द्यायचं नसतं. मराएच्या, म्हणजे कुळाच्या सामाईक आवारातल्या, सभाघरात, सगळ्यांच्या देखत द्यायचं. कुणाचं आहे आणि कुणाच्या मांडीवर वाढणार, हे चारचौघांनी ऐकायचं. पोर दिलं म्हणून आई पुसली जात नाही.

रिपेकामावशीनं धाकट्या बहिणीची, हूहानाची, नात अशीच घेतली. हूहानाची लेक कुईनी मेंढ्या कातरणाऱ्या टोळीबरोबर रानोमाळ हिंडायची. तान्ही आतारेता लोकरीच्या ढिगात किती दिवस निजणार? मावशीला मूलबाळ नव्हतं, अंगात मात्र तीन आयांची रग होती. पोर मावशीला थोरली आई म्हणायची, कुईनीला धाकटी. कुईनी आली की दोघी मिळून पोरीला न्हाऊ घालायच्या आणि साबण डोळ्यांत गेला म्हणून एकमेकींवर करवादायच्या.

घोटाळा झाला तो कागदापायी. पोरीचा कान वाहायला लागला. शहरातला दवाखाना म्हणाला, आईचीच सही पाहिजे. कुईनी कुठल्या रानात होती कुणाला ठाऊक. पोर कळवळत राहिली. मावशीनं रागाच्या भरात कोर्टात दत्तकाचा अर्ज टाकला. घरात एक कागद असला तर काय बिघडतं, असं तिला वाटलं.

अर्जामागोमाग मिस प्रिचर्ड आली, सरकारची देखरेखीची बाई. वाईट नव्हती, खोटं कशाला बोला. पोरीला टोपी विणून आणली. पण अट घातली, की कुईनीनं पोरीला पुन्हा भेटायचं नाही.

"मुलीचा गोंधळ होतो. जन्म देणारीचं नावही कळू नये, त्यातच तिचं भलं आहे. अट मोडलीत तर मुलगी दुसऱ्या घरी द्यावी लागेल."

मावशी "बघू" म्हणाली.

मग हूहाना गेली.

आमच्यात मढं मराएवर ठेवतात आणि घटकाभरही एकटं सोडत नाहीत. जवळच्या बायका डोक्याला हिरव्या पाल्याची वेढणी बांधून शवपेटीच्या कडेनं बसतात. नातीची जागा तिथंच. मावशीच्या दिरानं, वीरेमूनं, तिला बाजूला घेतलं.

"वैनी, पोरीला घरी ठेव. ती सरकारवाली येनार हाय म्हनं. पोर हातची जाईल."

"आजीपाशी नातीनं बसायचं न्हाई, तर काय तुज्या डुकरांपाशी बसावं?"

मयताला आलेली कुईनी पेटीपाशी होतीच; पोर तिच्या मांडीवर जाऊन बसली.

मिस प्रिचर्ड आली आणि फाटकाशी थांबली. आतल्या बायकांनी साद घातल्याशिवाय पाऊल टाकायचं नसतं, एवढं ती शिकली होती. साद आली. ती आत आली, मान लववली, आणि मग तिची नजर कुईनीच्या मांडीवर गेली.

"मिसेस पाराता, आपलं असं ठरलं नव्हतं," ती मावशीच्या कानाशी म्हणाली.

आता, पेटीपाशी बसलेलं माणूस बोलतं ते गेलेल्या माणसाशी. लाड, शिव्या, रुसवे, सगळं त्याच्या तोंडावर. मावशीनं बाईकडं बघितलंही नाही.

"ऐकलंस का गं हूहाना? ही बाई म्हनती, नातीनं तुला वळखू नये. तुजं नाक हाय तिला, ते कुठं लपवू? म्हनती, पोरीचा गोंदूळ व्हईल. आपन कुनाच्या पोटातनं आलो अन् कुनाच्या हातचं खातो, ह्ये जिला ठावं हाय, तिचा कसला गोंदूळ? गोंदूळ झाकून ठिवल्यावर व्हतो."

मागं कुणीतरी हुंकार भरला.

"मला कोर्टात सांगावं लागेल," मिस प्रिचर्ड म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "अर्ज नामंजूर होईल. मग मुलगी इथं राहू शकणार नाही."

मावशीचा हात पेटीच्या काठावर घट्ट आवळला. तिची मान खाली गेली. आजवर तिला असं कुणी बघितलं नव्हतं.

बोलली ती कुईनी, तीही आपल्या आईशीच.

"आई, अर्ज नामंजूर झाला, तर कायद्यानं आतारेताची आई कोन? मीच की. मग आईचाच हुकूम चालंल ना? तुज्या समोर सांगती, माजी पोर मावशीकडंच ऱ्हाईल. मी येनार, जानार, अन् हाक मारली की ती मला आईच म्हननार. कुनाला न्ह्यायची आसंल, त्यानं तुला इचारून न्ह्यावी."

मिस प्रिचर्ड दोन पावलं मागं सरली. कायदा तिलाही येत होता.

मावशी तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडं वळली. "बाई, अर्ज मी मागं घ्येती. जा, जेवून घे. रताळी चांगली शिजल्यात."

कागद कधीच झाला नाही. त्याचा जाच पुढं झालाच. दर सहीला कुईनीला लांबून यावं लागलं, शाळेत बोलणी खावी लागली, मावशीची जमीनही कायद्यानं आतारेताच्या नावावर चढली नाही. एक कागद केला असतास तर, असं कुणी म्हटलं की मावशी हातातलं काम न थांबवता म्हणायची,

"एक आई पुसून दुसरी लिवायची? असल्या कागदानं मी चूलबी पेटवनार न्हाई."