यादीतून गायब होणारे मामा

वर्ध्याच्या टायपिंगच्या दुकानातल्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. गालात सुपारी धरून त्या कीबोर्ड बडवायच्या आणि गिऱ्हाइकाकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत.

आमच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. पाहुण्यांची यादी माझ्या विंडोजच्या कम्प्युटरवर आणि पुलगावला दादाच्या लिनक्सच्या कम्प्युटरवर होती. पेनड्राइव्हवरून तिची ने-आण करताना मोठे मामा सारखे गायब व्हायचे. मी नाव टाकायचो, आणि फाइल पुलगावहून परत आली की मामा नसायचे.

"या दोन सिस्टिमांचं पटत नाही. दोन्हीकडे फाइल सारखी राहील असं करून द्या," मी बाईंना म्हणालो.

त्यांनी पेनड्राइव्हवर एक प्रोग्राम टाकला. तो नवी फाइल दोन्हीकडे पोचवायचा, शिवाय जुन्या प्रतीही जपून ठेवायचा.

तरी मामा गायबच. आठवड्याने मी पेनड्राइव्ह घेऊन परत गेलो, तेव्हा बाईंनी त्या जुन्या प्रती एकेक करून उघडल्या आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"कम्प्युटरले काऊन शिव्या देऊन राह्यले, भाऊ? तुमी मामा टाकून राह्यले, अन् पुलगाववाले काढून राह्यले. माह्या प्रोग्रामले घरचं भांडण नाई मिटवता येत."

आजीच्या तेरवीपासून दादा मामांशी बोलत नव्हता, हे मला ठाऊक होतं. पण दादाला विचारण्यापेक्षा लिनक्सला शिव्या घालणं सोपं होतं.

बाईंच्याच फोनवरून मी दादाला फोन लावला. तो म्हणाला, "पत्रिका तूच नेऊन देजो. मी नाई जात."

मामा आले. दोघे एकमेकांकडे पाठ करून जेवले, पण एकाच मांडवात जेवले.