वास हरवलेला महिना

दूध करपत होतं आणि भाऊजी त्याच्याशेजारी बसून शब्दकोडं सोडवत होते.

मी वर कपडे वाळत घालत होते. जिन्यातून वास वर आला तशी धावत खाली आले. पातेल्याचा तळ काळाठिक्कर, ओट्यावरून ओघळ खाली फरशीवर, आणि हे गृहस्थ शेगडीपासून हातभर अंतरावर पेन्सिल चावत बसलेले.

“अहो भाऊजी, नाक कुठे ठेवून आलात?”

मी आपली चेष्टेत म्हणाले. नेहमी ते उलटून काहीतरी बोलतात. त्या दिवशी त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला.

“वहिनी, कुणाला सांगू नका,” एवढंच म्हणाले.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. यजमान बाहेरगावी नोकरीला, म्हणून मी वरच्या खोल्यांत एकटीच असते. खाली भाऊजी, माझी धाकटी जाऊ आणि त्यांची मुलगी. ती सारखी काहीतरी कुरतडत असते म्हणून तिला आम्ही खारू म्हणतो. स्वयंपाक सगळ्यांचा एकच.

भाऊजी दुधाच्या डेअरीत आहेत. त्यांचं काम काय ते ऐकून लोकांना आधी हसूच येतं. सकाळी गाड्यांतून दुधाचे कॅन ओट्यावर उतरतात, झाकणवाला एकेक झाकण उघडतो, भाऊजी वाकून वास घेतात आणि हात करतात. उजवा हात केला की दूध टाकीत, डावा केला की परत. मशीनवर तपासणी होते, पण ती नंतर, सगळं दूध एकत्र झाल्यावर, आणि तिला सगळंच सापडतं असं नाही. एखादा बिघडलेला कॅन आत गेला की मग पुढचं सगळंच नासतं. डेअरीत त्यांना नाकसाहेब म्हणतात. घरातही तेच. काल उरलेल्या भातापासून नव्या चपलेपर्यंत सगळं आधी त्यांच्या नाकाखालून जायचं.

आणि त्या नाकाला आता काही म्हणजे काही कळत नव्हतं. सर्दी झाली होती. सर्दी गेली, वास परत आला नाही.

“मग तिथे रोज करता तरी काय?” मी विचारलं.

“चमच्याने चव घेतो. आंबट झालेलं जिभेला कळतं.”

“मग झालं तर!”

“कसलं झालं? कॅन फिनाइलने धुऊन नीट विसळला नसेल तर? गुराला औषध दिलं असेल तर? चारा कुजका असेल तर? ते सगळं नाकाचं काम आहे, वहिनी. जीभ तिथे ठोंब्यासारखी बसून राहते.”

सांगून का टाकत नाही, हे विचारायची मला गरज वाटली नाही. डेअरीत माणसं कमी करायचं घाटत होतं. ज्याचं काम नाक, त्याला नाकाशिवाय कोण ठेवेल? एका बाजूने नोकरीची भीती, दुसऱ्या बाजूने त्या दुधाची. ते दूध बाळंतिणींच्या दवाखान्यात जातं, शाळेत जातं. भाऊजी दोन्ही भीती एकाच खिशात घालून रोज कामावर जात होते. आणि आता मलाही त्यात ओढलं होतं.

मीच त्यांना कानानाकाच्या डॉक्टरांकडे नेलं. जावेला सांगितलं, माझे कान दुखतायत, सोबत म्हणून नेते. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगायची हौस असलेले. जिभेला म्हणे गोड, आंबट, खारट असं मोजकंच कळतं, बाकी ज्याला आपण चव म्हणतो तो सगळा वास असतो. सर्दीत वासाची नस कधीकधी झोपी जाते.

“उठेल ना?” भाऊजींनी विचारलं.

“बऱ्याच जणांची उठते. कधी, ते सांगता येत नाही. काहींची नाही उठत.”

मग त्यांनी व्यायाम सांगितला. मला तोवर व्यायाम म्हणजे हातापायांचाच ठाऊक. लिंबाची साल, लवंग, गुलाबाचं अत्तर आणि निलगिरीचं तेल वेगवेगळ्या बाटल्यांत भरायचं. सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची आणि तो वास कसा असतो ते मनात आठवायचं.

भाऊजी हे बाथरूममध्ये कडी लावून करायला लागले. आठवडा गेला नसेल, जाऊ माझ्याकडे वर आली, डोळे लाल.

“ताई, हे बाटल्या घेऊन आत बसतात हो. मी काचेचा आवाज ऐकलाय.”

“मग?”

“मग काय मग! पीत असतील. चोरून! रोज तोंडाचा वास घेते मी, तर लवंगेचा येतो. वास मारायला खातात, दुसरं काय?”

मला हसू आवरेना आणि रडूही. “अगं, ते कसले पितायत! चहासुद्धा बशीत ओतून पितात.”

“तुम्ही त्यांचीच बाजू घ्या,” ती फणकारली आणि गेली. त्या रात्री तिने वाढलेली भाजी सपक होती, मीठ तेवढं, मसाला-फोडणी काही नाही. मुद्दाम. भाऊजींनी कौतुकाने दोनदा मागून घेतली, त्यामुळे ती आणखीच भडकली.

मधल्या एका सुट्टीला आम्ही सगळे बसने नणंदेकडे जेवायला गेलो. अर्ध्या वाटेत ब्रेकमधून जळका वास आला. लोक उठले, पिशव्या उचलून दाराशी गर्दी. भाऊजी जागचे हलले नाहीत. आधी त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग घाईघाईने उठून म्हणाले, “हो हो, जळतंय काहीतरी!” तेव्हा माझ्या लक्षात आलं. हा माणूस आता तोंडं वाचतोय. डेअरीतही झाकण उघडल्यावर कॅनकडे नाही, झाकणवाल्याच्या नाकपुड्यांकडे बघत असणार.

नणंदेचा भात त्या दिवशी खाली लागला होता. बिचारी आधीच ओशाळलेली. भाऊजी मोठ्याने म्हणाले, “वा ताई, भात काय झालाय!” नणंद ताडकन उठून आत गेली. “एवढं टोचून बोलायला येता कशाला?” तिची समजूत काढता काढता आमची परतीची बस चुकली.

मी देवापुढे रोज उदबत्ती लावते. सहसा काही मागत नाही, त्याला काय कमी व्याप आहेत? पण त्या महिन्यात मागितलं. जावेपासूनची लपवालपवी, नणंदेचा रुसवा, हे सगळं मागून निस्तरता येईल, पण त्या डेअरीतल्या कुठल्या कॅनने कुणाच्या लेकराला काही होऊ देऊ नकोस, एवढंच. रुग्णवाहिकेचा आवाज आला तरी मी खिडकीशी जायची.

महिना संपत आला आणि खारूच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन भरलं. एका टेबलावर कुत्र्याच्या नाकाची मातीची मोठी प्रतिकृती होती. त्याच्या शेजारी भोकं पाडलेले डबे ठेवलेले, डोळे मिटून वास ओळखायचा. खारू बापाला ओढतच घेऊन गेली.

“माझे बाबा सगळे ओळखतात. बघाच!”

पहिल्या डब्याला मी समोर उभी राहून ओठांनी ‘कॉफी’ म्हटलं. भाऊजींनी डोळे किलकिले करून वाचलं. टाळ्या पडल्या. दुसऱ्या डब्याला टेबलावरची मुलगी म्हणाली, “काकू, तुम्ही जरा बाजूला व्हा ना. आणि काका, डोळे घट्ट मिटा.”

भाऊजींनी खूप वेळ वास घेतला. छाती भरभरून. कपाळावर घाम दिसायला लागला.

“लिंबू,” ते म्हणाले.

कांदा होता. चिरलेला. माझ्या डोळ्यांना उभ्या जागी झोंबत होता.

पोरं खिदळली. खारूही हसली, “बाबा मुद्दाम चुकले!” पण घरी येताना तिने बापाचं बोट धरलं नाही, नुसतं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती दूध प्यायला बसली. डेअरीतून कामगारांना मिळतं तेच दूध, त्याच सकाळचं. एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

“बाबा, दुधाला वास येतोय.”

भाऊजींच्या हातातला पाव तसाच राहिला. “कसला?”

“कसला तरी. तुम्हीच बघा ना.”

त्यांनी पेला उचलला, नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. जाऊ दारात उभी. मी पेला त्यांच्या हातून घेतला. गोडूस, पिकल्यासारखा वास. फ्रीज उघडला तर दुधाच्या उघड्या पातेल्याशेजारी खरबूज चिरून ठेवलेलं, मीच दुपारी ठेवलेलं.

“अहो, खरबुजाचा आहे!” माझा जीव भांड्यात पडला. “दूध चांगलं आहे, भाऊजी. काही झालेलं नाही.”

ते खुर्चीवर बसले. मला वाटलं, सुटलो. तर ते शांतपणे म्हणाले, “वहिनी, आज खरबूज होतं. उद्या?”

मग जावेकडे वळून सगळं सांगून टाकलं. जाऊ ऐकत राहिली, मग म्हणाली, “म्हणजे तुम्ही पीत नाही?”

“नाही गं.”

“आणि माझी ती सपक भाजी...”

“सपक होती?”

ती हसली, मग पदर तोंडाला लावून रडायला लागली. भाऊजींनी चपला घातल्या. संध्याकाळच्या पाळीला सुपरवायझर बाई असतात, त्यांनाच गाठायचं म्हणाले. मी सोबत गेले. एकट्याला सोडवेना.

सुपरवायझर बाईंनी उभ्याउभ्या ऐकलं. ओरडल्या नाहीत, ते जास्त भीतीचं वाटलं. “केव्हापासून?” “सर्दी झाल्यापासून, बाई.” त्यांनी फोन उचलला आणि बाहेर निघालेले टँकर फाटकावरच थांबवले. दूध पुन्हा तपासायला घेतलं. आम्ही दोघं प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसलो. आत काचेच्या नळ्या खणखणत होत्या. मी मनात नाव घेत होते, मधेच नाव विसरून नुसतंच ‘देवा, देवा’ म्हणत होते.

शेवटी बाई बाहेर आल्या. “आजचं दूध ठीक आहे,” म्हणाल्या. “आधीचं तर लोकांच्या पोटात गेलं. त्याचं मी सांगू शकत नाही, तुम्हीही नाही.” भाऊजींनी मान खाली घातली. “उद्यापासून ओट्यावर यायचं नाही. कॅन धुण्याकडे जा. तिथेही ठेवतील की नाही, ते वरचे ठरवतील. नाक आलं तर मला भेटा.”

वरच्यांनी अजून काही ठरवलेलं नाही. भाऊजी वाफेत कॅन धुतात, प्रत्येक कॅन दोनदा विसळतात. बाटल्या आता बाथरूममधून स्वयंपाकघरात आल्यात. खारू त्यांच्या डोळ्यांना पट्टी बांधते आणि बाटली नाकाशी धरते. ते बहुतेक वेळा चुकतात. कधी एखादी बरोबर आली तर नशिबाने आली की नाकाने, ते कुणालाच कळत नाही, त्यांनाही नाही.

एरवी ती त्यांना सांगत असते. “बाबा, शेजारी टोस्ट करपला.” “बाबा, काकूंनी उदबत्ती लावली.”

“कसली?” ते विचारतात.

ती माझ्याकडे बघते. मी सांगते, चंदनाची. ते डोळे मिटून बसतात, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहते.