बाप्पाची फ्लाइट कॅन्सल

आमच्या ह्यूस्टनच्या ग्रुपमध्ये कुणी नवीन माणूस जेवायला आलं की वरणभाताच्या आधी वादळ वाढलं जातं! "ते माठाचं सांग ना," "थांब, आधी पाण्याचं," असं करत एकेकाला आपापला किस्सा आठवतो. वादळ एका रात्रीत निघून गेलं, आम्ही मात्र अजून ते सांगतोच आहोत.

दोन हजार आठचा सप्टेंबर. आमच्या स्ट्रीटवर मराठी घरं तीन. भागवत काका-काकू, म्हणजे काका रिटायर्ड डॉक्टर आणि काकू घरच्या हायकमांड. नागपूरचा नीलेश आणि त्याची सात वर्षांची रिया. आणि मी, पुण्याची. समोरच्या घरात मिसेस कार्टर, वय ऐंशी, एकट्या राहायच्या. भागवतांकडे दहा दिवसांचा गणपती होता आणि विसर्जनाच्या आदल्याच दिवशी वादळ येणार होतं.

* * *

टीव्हीवाले सारखे सांगत होते, पाणी साठवून ठेवा. दुकानांत बाटल्यांसाठी मारामारी चाललेली. काकू म्हणाल्या, "यात बातमी काय आहे? आम्ही जन्मभर पाणीच भरलं!"

टब भरला, बादल्या भरल्या, तिन्ही कुकर भरले, लोणच्याच्या रिकाम्या बरण्यासुद्धा सोडल्या नाहीत. नीलेश मदतीला आला तर ओट्यावर हात ठेवायला जागा नाही.

"काकू, आता काय चहाच्या कपात भरून राहिल्या का?"

"कप राहिले का रे? बरं झालं आठवण केलीस!"

* * *

सकाळी वारा थांबल्यावर दार उघडलं तर मिसेस कार्टरचं ओकचं झाड त्यांच्या छपरावर आडवं झालेलं. काका आणि नीलेश धावले. बाई हॉलमध्ये खुर्चीत ताठ बसल्या होत्या, मांडीवर पर्स आणि हातात एक प्लास्टिकची पिशवी. त्यांना कपडे नको होते, फोटो नको होते. पिशवीत इन्सुलिनच्या दोन बाटल्या होत्या.

काकूंनी त्यांना सरळ आपल्या गेस्टरूममध्ये नेलं. पण लाइट कुणाकडेच नव्हते. फ्रीज बंद, फार्मसी बंद, रस्त्यांवर झाडं, आणि बर्फाचा पत्ता नाही. काकांचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे औषध तापलं तर फुकट गेलं. आणि या दोन बाटल्यांवर बाईंना किती दिवस काढायचेत, कुणाला माहीत!"

* * *

इथे माठाचा किस्सा येतो.

आदल्या वर्षी काकूंनी पुण्याहून माठ आणला होता, तोही विमानात मांडीवर घेऊन. एअरपोर्टवर कस्टमच्या ऑफिसरने विचारलं, "व्हॉट इज धिस, मॅम?"

काकू शांतपणे म्हणाल्या, "रेफ्रिजरेटर."

नीलेश यावर वर्षभर हसला. "फ्रीजच्या दारातून बर्फ पडून राहिला, आणि काकूंना माठ पाहिजे!"

त्या सकाळी काकूंनी तोच माठ मागच्या पोर्चमध्ये सावलीत ठेवला, पाणी भरलं, बाहेरून ओलं सुती पातळ गुंडाळलं. बाटल्या स्टीलच्या छोट्या डब्यात घालून डबा आत तरंगत सोडला. काकांचा विश्वास बसेना. रियाने शाळेच्या सायन्स प्रोजेक्टचा थर्मामीटर आणला. एकदा पोर्चमध्ये मोजलं, एकदा माठात. मग ओरडली, "इट्स वर्किंग! आजी, इट्स वर्किंग!"

नशिबाने वादळानंतर हवा कोरडी पडली होती. काकांनी थर्मामीटर दोनदा पाहिला आणि पहिल्यांदाच खुर्चीत टेकले. त्या दिवसापासून दर दोन तासांनी पातळ ओलं करायची ड्यूटी नीलेशची.

मला ग्रीन कार्ड मिळालं तेव्हासुद्धा वाटला नव्हता, इतका आमच्या त्या पोर्चचा अभिमान वाटला.

* * *

फ्रीझर वितळायला लागले तसे शेजारी आपापलं सामान घेऊन भागवतांकडे आले. गॅस होता, फक्त काडीने पेटवायचा. अर्ध्या स्ट्रीटला ते ठाऊकच नव्हतं! काकूंनी सगळ्यांना थालीपीठं वाढली.

मिसेस कार्टरनी एक खाल्लं, दुसरं मागितलं आणि म्हणाल्या, "हा तर कॉलेजला जाऊन आलेला टॉर्टिया आहे."

मोदकांकडेही त्यांचं लक्ष होतं. पण काका ताटाशेजारी असे उभे राहिले की बाईंनी हात मागे घेतला.

* * *

अनंत चतुर्दशीला काकू हवालदिल. आमचं विसर्जन बादलीत व्हायचं, पण नळाचं पाणी उकळून प्यायची नोटीस आलेली, म्हणजे ते बाप्पाला चालायचं नाही, आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्याचा थेंबन् थेंब लागणार होता.

काका म्हणाले, "अगं, ह्यूस्टनचं एअरपोर्ट बंद आहे. त्याचीही फ्लाइट कॅन्सल!"

काकूंनी डोळे वटारले, मूर्तीकडे पाहिलं, आणि तांदूळ मोजताना एक मूठ जास्त घेतली. "राहतोय तर उपाशी का राहील?"

* * *

वादळानंतर बाराव्या दिवशी दुपारी लाइट आले. स्ट्रीटभर आरडाओरडा! दुसरी बाटली संपत आली होती, पण तोवर फार्मसी उघडली होती. काकांनी मिसेस कार्टरची शुगर तपासली, कागदावर लिहिली आणि कागद काकूंच्या हातात दिला, प्रगतिपुस्तक दाखवावं तसा. काकूंनी तो माठाखाली ठेवला. मग म्हणाल्या, "चला, आता बादली भरा."

संध्याकाळी बॅकयार्डमध्ये आरती झाली. मिसेस कार्टर पुढच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होत्या. काकांनी मूर्ती पाण्यात सोडली आणि आम्ही सगळे बेंबीच्या देठापासून ओरडलो, "पुढच्या वर्षी लवकर या!"

बाईंनी रियाला विचारलं, हे काय म्हणताहेत?

"कम बॅक अर्ली नेक्स्ट इयर!" रिया म्हणाली.

मिसेस कार्टरच्या टाळ्या थांबल्या. त्यांनी आपल्या मोडक्या छपराकडे पाहिलं, मग आभाळाकडे, मग आमच्याकडे. रियाने घाईघाईने बादलीकडे बोट दाखवलं, "नो, नो! हिम!"

बाई उठल्या. काठी टेकत बादलीपाशी गेल्या, वाकून आत पाहिलं आणि काकूंना म्हणाल्या,

"टेल हिम टू कम अलोन!"