पहिलं ‘नको’

सुप्रभावहिनीला सलग दहा मिनिटं खुर्चीवर बसलेली मी आयुष्यात एकदाच पाहिली, आणि त्या दहा मिनिटांत तिने एक अख्खी आइस हॉकी टीम खड्ड्यात घातली.

एरवी तिच्या पायाला भिंगरी. कॉव्हेंट्रीच्या त्यांच्या घरात फोन वाजला की दुसऱ्या रिंगच्या आत तो उचलणार, मग हात कणकेत असोत नाहीतर साबणात. टीव्हीसुद्धा उभ्याने बघायची, इस्त्री करता करता. माझा थोरला भाऊ माधव तिथल्या हॉस्पिटलात भूल द्यायचा. दिवसभर लोकांना झोपवून दादा घरी यायचा आणि कोचावर स्वतः आडवा व्हायचा. संध्याकाळी वहिनी कामावरून आली की पेपरातून डोकं वर काढून विचारायचा, “दमलीस? चहा करू का?” वहिनी म्हणायची, “नको, राहू द्या. मीच टाकते.” दादा परत पेपरात. हे मी इतक्या वेळा पाहिलं होतं की त्यात काही पाहण्यासारखं आहे असं मला वाटलंच नाही.

वहिनी पुण्याची, फिजिक्समध्ये एम.एस्सी. लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी शाळेत होतो, म्हणून तिला पहिल्यापासून अगं-तुगंच. इंग्लंडला आल्यावर काही वर्षं घरी बसली, म्हणजे घरी उभी राहिली, आणि पंच्याऐंशी साली तिथल्या एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून म्हणून लागली. तिथे मुलींची आइस हॉकीची टीम होती. कॉलेजचा नियम असा की प्रत्येक क्लबच्या कागदांवर स्टाफपैकी कुणाची तरी सही हवी. मुली सही मागायला आल्या, वहिनीने केली. सहीमागून सामन्यांचं वेळापत्रक आलं, मग सोलिहलच्या बर्फाच्या मैदानाचं, रिंकचं, बुकिंग, मग घामट किट बॅगांनी भरलेली मिनीबस चालवणं. आयुष्यात ती बर्फावर कधी उतरली नाही. कठड्याला धरून उभी राहायची, दादाचा ओव्हरकोट घालून, आणि पक, म्हणजे खेळातली ती रबरी चकती, कुठे गेला ते शेवटपर्यंत तिला दिसायचं नाही. पण कुठल्या मुलीचा गुडघा सुजलाय, कुणाची परीक्षा आहे, कोण घरी भांडून आलीय, ते सगळं ठाऊक.

टीमची कॅप्टन आणि गोलकीपर सीमा आमच्याच एका डॉक्टर मित्राची मुलगी, कॉव्हेंट्रीतच जन्मलेली. तिचं मराठी म्हणजे लिंगभेद न मानणारं. एकदा मला म्हणाली, “काका, काकू नसला ना, तर आमचा टीमच नसेल.” मी मराठी सुधारायला गेलो, पण म्हणणं बरोबर होतं, मग सोडून दिलं.

अठ्ठ्याऐंशीच्या जूनमध्ये या कॉलेजांच्या लीगची वार्षिक सभा बर्मिंगहॅमला होती. टीम वाढून चौदा झाल्या होत्या, तेव्हा लीगचे तीन गट पाडायचं ठरलं: नॉर्थ, मिडलंड्स आणि साउथ. मी तेव्हा रीडिंगला एका कंपनीत प्रोग्रॅमर होतो आणि वीकएंडला दादाकडे आलो होतो. वहिनीची गाडी गॅरेजात, म्हणून तिला सोडायला गेलो आणि मागच्या खुर्चीवर बसून राहिलो.

अध्यक्ष मिसेस हॅलिवेल, खेळाच्या रिटायर्ड शिक्षिका, बोलणं शिट्टी फुंकल्यासारखं. बाकीचे सगळे आपापल्या गटात बसले. शेवटी मिडलंड्समध्ये एक जागा उरली आणि दावेदार दोन, आम्ही आणि लेस्टर. ज्याला ती मिळणार नाही त्याची रवानगी साउथमध्ये. म्हणजे ब्रॅकनेल, ब्रिस्टल, साउथॅम्प्टन, सगळं लांब लांब.

“कॉव्हेंट्री,” बाई म्हणाल्या, “तुमचं नाव आधी आहे. ही जागा तुम्हाला हवी आहे का?”

वहिनी हसली. पदर नव्हता, तरी खांद्यावरून हात फिरवला. “नको नको,” ती इंग्रजीत म्हणाली, “त्यांना द्या. आमचं काय, आम्ही कुठेही जाऊ.”

आता हे तुम्हाआम्हाला सांगायला नको. पंगतीत जिलबीचं ताट समोर आलं की पहिलं ‘नको’ हे नको नसतंच, ती रीत असते. दुसरं ‘नको’ जरा हळू म्हणायचं. तिसऱ्या वेळी ताटावर आडवा हात धरायचा, बोटं थोडी फाकवून. पहिल्याच विचारण्याला ‘हो, वाढा’ म्हणणारा माणूस आमच्या घरात हावरट ठरला असता. वहिनी पहिलं नको म्हणाली आणि दुसऱ्या विचारण्याची वाट बघत बसली.

मिसेस हॅलिवेल म्हणाल्या, “हाउ व्हेरी काइंड ऑफ यू,” आणि लिहून टाकलं.

वहिनी बसूनच होती. पुढचा विषय निघाला, बिस्किटांची बशी फिरली, रेफ्रींच्या जेवणावरून दोघांचं वाजलं, आणि ही दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या बाईकडे बघतेय. विचारतील. आत्ता विचारतील. मला सगळं कळत होतं. मी उठून “अहो, त्यांना हवीय” असं म्हणायला कुणाची आडकाठी नव्हती. पण त्या खोलीत हवा कोंदट होती, मला केव्हा एकदा बाहेर पडतो असं झालं होतं, आणि मी गप्प बसलो. त्याची लाज मला अजून वाटते.

गाडीत ती म्हणाली, “परत विचारलंच नाही रे.”

“इथे परत विचारत नाहीत, वहिनी. दहा वर्षं झाली तुला येऊन.”

ती पर्सची चेन कॉव्हेंट्रीपर्यंत उघडत आणि लावत होती.

मुलींना तिने सांगितलं की लीगनेच आपल्याला साउथमध्ये टाकलं. मुली लीगवर चिडल्या. तीन आठवड्यांनी सभेचं इतिवृत्त पोस्टाने आलं, ते तिने फाइलच्या तळाशी घातलं, आणि तेव्हापासून तिची झोप गेली. दादा फोनवर म्हणाला, “अरे, ही पहाटे उठून मोज्यांच्या घड्या करते.” भूलतज्ज्ञाच्या घरी झोपेचा दुष्काळ!

ऑक्टोबरात सामने सुरू झाले आणि टीमची वरात निघाली. तेव्हा एम-फॉर्टी हा मोटरवे पुरता झाला नव्हता, ऑक्सफर्डवरून रस्त्याने रखडत यायचं. रिंक मिळायचा आडवेळी, म्हणून मुली आदल्या दिवशीच येऊन रीडिंगला माझ्या फ्लॅटवर मुक्काम करायच्या. बॅचलर माणसाच्या दोन खोल्यांत दहा-बारा मुली, गुडघ्यांची पॅड वाळत टाकलेली, आणि वहिनी माझ्या चार भांड्यांत पिठलं-भात शिजवतेय. शेजारच्या गोऱ्या म्हाताऱ्याने मला विचारलं, तुझा नेमका धंदा काय? मी वैतागायचो. तिला घालून पाडून बोलायचो, आणि दर शुक्रवारी दूध मात्र जास्तीचं आणून ठेवायचो.

नोव्हेंबरात धुक्याने रस्ता बंद पडला आणि ब्रिस्टलची मॅच हुकली. लीगचा नियम साधा होता: एका सीझनमध्ये दोन मॅच चुकवल्या की टीम लीगमधून बाहेर. आणि लीग नाही तर कॉलेज मिनीबस देणार नाही, म्हणजे टीमच संपली. एक मॅच तर गेलीच होती. ख्रिसमसनंतर मुली गळायला लागल्या. चौदाच्या नऊ झाल्या. कुणाला अभ्यास, कुणाला बॉयफ्रेंड, आणि सगळ्यांनाच प्रवासाचा कंटाळा.

फेब्रुवारीत माझ्याच फ्लॅटवर बिंग फुटलं. कुठल्याशा रिंकचा पत्ता हवा म्हणून सीमाने वहिनीची फाइल उपसली आणि इतिवृत्त तिच्या हाती लागलं. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“काकू, इथे लिहिलाय की कॉव्हेंट्रीने डिक्लाइन केला. तुम्ही नो म्हटला?”

वहिनीने गॅस बंद केला. “हो. मीच म्हटलं.”

“पण का? आपल्याला पाहिजे होता ना ती जागा?”

“हवीच होती गं. म्हणून तर नको म्हटलं.” हे ऐकायला किती विचित्र वाटतं ते तिचं तिलाच कळलं असावं. “त्या परत विचारतील असं वाटलं मला.”

सीमाने ते बाकीच्या मुलींना इंग्रजीत सांगितलं. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. एकीने फक्त विचारलं, “बट हाउ वॉज शी सपोज्ड टू नो?” सीमा जेवली नाही. वहिनीने वाढलेलं ताट तिच्यापुढे एकदा ठेवलं, दोनदा ठेवलं, तिसऱ्यांदा उचलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ब्रॅकनेलला जाताना वहिनी माझ्या गाडीत बसली. मिनीबस सीमा चालवत होती, न विचारता किल्ली घेतली होती तिने. वहिनी काच खाली करत होती, वर करत होती.

“गिरीश, ही काही पहिली खेप नाही,” ती एकदम म्हणाली. “आम्ही केंब्रिजला होतो ना, तुझ्या दादाच्या ट्रेनिंगच्या वेळी, तेव्हा तिथल्या एका प्रोफेसरांशी ओळख झाली. फिजिक्सवाले. माझी डिग्री ऐकून म्हणाले, आमच्या लॅबमध्ये येता का? मी म्हटलं, नको नको, मला कुठे जमणार. ते म्हणाले, व्हॉट अ पिटी, आणि त्यांनी केटल लावली. मी दोन कप चहा होईपर्यंत थांबले रे.”

“दादा होता तिथे?”

“होता की.”

मला दादाचा इतका राग आला की वळण चुकलं. मिसेस हॅलिवेलना आग्रह ठाऊक नव्हता, प्रोफेसरलाही नव्हता. दादाला होता. सदाशिव पेठेत वाढलेला माणूस, पंगतीत वाढणारा थांबला तर तोंड पाडून बसणारा! पण सोयीचं असेल तिथे तो बरोबर इंग्रज व्हायचा. आणि त्याला शिव्या घालता घालता मला बर्मिंगहॅमची मागची खुर्ची आठवली.

शेवटची मॅच मार्चमध्ये साउथॅम्प्टनला. आठच मुली आल्या, त्यांतल्या एकीला ताप. या खेपेला आदल्या दिवशी मुक्कामाला कुणी आलंच नाही, तेव्हा वहिनीने पहाटे घरोघरी मिनीबस फिरवून त्यांना अक्षरशः अंथरुणातून उचललं. नऊ-एक असे सडकून हरलो. पण पोचलो, खेळलो, टीम लीगमध्ये राहिली. सीमा हेल्मेट काढून कठड्यापाशी आली, म्हणाली, “काकू, नेक्स्ट इयर मी नाही करणार असा. कोणच नाही करणार. मिडलंड्स नाही मिळाला तर फिनिश.”

तर मग एकोणनव्वदचा जून. लेस्टरची टीम बंद पडली होती, मिडलंड्समध्ये परत एक जागा, आणि या खेपेला दुसरा दावेदार वुस्टरचा. मी मुद्दाम रजा काढून गेलो. वाटेत तिची तालीम घेतली.

“कॉव्हेंट्री, ही जागा हवी आहे का?”

“म्हणजे, कुणाची अडचण होत नसेल तर…”

“वहिनी!”

“बरं. हो. पण त्या वुस्टरच्या मुलीही…”

“वुस्टरच्या मुली गेल्या खड्ड्यात! हो म्हण.”

“असं तोडून कसं म्हणायचं रे? भिकाऱ्यासारखं वाटतं.”

सभेत ती बसलीच नाही. भिंतीला टेकून उभी, हातातली फाइल या काखेतून त्या काखेत. मी पुढच्या रांगेत बसलो होतो, तिने कच खाल्ली तर मीच ओरडायचं ठरवून. मिसेस हॅलिवेलनी चष्मा सारखा केला.

“मिडलंड्स गटात एक जागा आहे. कॉव्हेंट्री, गेल्या वर्षी तुम्ही फार मोठ्या मनाने…”

“यस,” वहिनी म्हणाली.

“मी अजून विचारलं नाही.”

“यस. आम्हाला हवी आहे. गेल्या वर्षीही हवी होती.”

खोलीत सगळे वळून बघायला लागले. वुस्टरचा टाय लावलेला माणूस तोंड उघडून बसला. वहिनीचे कान लालबुंद झाले होते, पण नजर खाली गेली नाही. मिसेस हॅलिवेलनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं, म्हणाल्या, “मग गेल्या वर्षी सांगायचं ना,” आणि लिहून टाकलं.

वाटेत फोन बूथपाशी गाडी थांबवायला लावून तिने सीमाला कळवलं. फोनमधून इतकी मोठी किंकाळी आली की वहिनीने रिसीव्हर कानापासून लांब धरला. परत येऊन बसली आणि माझ्याकडे वळली.

“फार उद्धट दिसलं का रे?”

“हो.”

“वुस्टरवाल्यांना आता साउथॅम्प्टनला जावं लागेल.”

“लागेल.”

“बिचारे,” ती म्हणाली, आणि पर्सची चेन एकदा उघडून लावली.

घरी पोचलो तेव्हा दादा कोचावर, पेपर तोंडासमोर. तो खाली न घेताच त्याने विचारलं, “मिळाली जागा? छान. दमली असशील. चहा करू का?”

वहिनी कोट काढत होती. एक बाही निघाली होती, दुसरी हातातच होती.

“करा,” ती म्हणाली.

पेपर खाली आला. दादाने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. वहिनी कोचावर जाऊन बसली, त्याच्याच जागेवर, आणि पाय वर घेतले. दादा उठला. स्वयंपाकघरात कपाटाची दारं एकामागून एक उघडल्याचे, आपटल्याचे आवाज येत राहिले.

“अगं,” बऱ्याच वेळाने त्याने आतून विचारलं, “आपल्याकडे साखर कशात ठेवतात?”